बेंजोची तार आणि मंडळाचा हिशेब



चौदा एप्रिल जवळ आला की वाडीवाडीतून बेंजो बाहेर निघतो. मग बुद्धपौर्णिमा, लग्नसराई, पुढे गणपतीतल्या सुपाऱ्या. मधले महिने तो कुठेतरी कपाटावर पडून असतो. मिरवणूक सुरू होते, ॲम्प्लिफायर पूर्ण फिरवला जातो, आवाज दोन वाड्यांपलीकडे जातो. पण गाणे ओळखू यायला दोन कडवी जावी लागतात. ऐकणारे म्हणतात, "बेंजो असाच वाजायचा, पेटीची सर त्याला कुठली?"

आज या समजाबद्दल लिहायचे आहे. बेंजो नीट लावला तर पेटीच्या बरोबरीने सुरात वाजतो. बहुतेक वेळा तो लावलेलाच नसतो. आमच्या मिरजोळ्यात आणि आसपासच्या वाड्यांत मी जेवढी पथके पाहिली, त्यांत हात चांगले असलेली मुले पुष्कळ आहेत. दिवसभर एमआयडीसीत राबून रात्री सरावाला बसणारी ही मुले आहेत. त्यांच्या बोटांत दोष नाही. दोष तारेच्या देखभालीत आहे, आणि देखभालीची जबाबदारी एकट्या वाजवणाऱ्याची नसते, ती आपल्या सगळ्यांची असते.

जपानहून आलेला पाहुणा

आपण ज्याला बेंजो म्हणतो त्याचे दुसरे नाव बुलबुल तरंग. अमेरिकेतला बँजो वेगळा. त्याला गोल, कातडे मढवलेले तोंड असते आणि तो आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांनी घडवला. आपला बेंजो मूळचा जपानचा. जपानमध्ये नागोया नावाचे शहर आहे. तिथल्या गोरो मोरिता या माणसाने १९१२ साली हे वाद्य तयार केले. तो परदेश फिरून आला होता. टाइपरायटरची बटणे पाहून त्याने ती युक्ती तारवाद्याला लावली. तारेवर बोट नेमके कुठे ठेवायचे हे शिकायला वर्षे जातात. बटण दाबले की ती जागा आपोआप मिळते. त्या वर्षी जपानात 'ताइशो' नावाचे राजपर्व सुरू झाले होते आणि 'कोतो' हे तिथले जुने तेरा तारांचे वाद्य. म्हणून या नव्या वाद्याचे नाव पडले 'ताइशोगोतो'.

त्या वाद्याची बटणे आकड्यांनी ओळखली जात. स्वरलिपी न शिकलेला माणूसही आकडे पाहून गाणे वाजवू शके. त्यामुळे ते साध्या घरांत शिरले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जहाजांबरोबर ते जपानबाहेर पडले. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मोंबासाच्या ताराब गाण्यात ते पोचले, बलुचिस्तान आणि सिंधमध्ये ते मोठे होऊन 'बेंजू' झाले, आणि आपल्याकडे बुलबुल तरंग. मुंबईच्या चाळींतून ते चाकरमान्यांबरोबर कोकणात उतरले.

यात आपल्या दृष्टीने एक महत्त्वाची गोष्ट आहे. गावकीत कोणी काय वाजवायचे, कोणाच्या दारात वाजवायचे, वाजवून झाल्यावर कुठे उभे राहायचे, हे जातीने ठरवलेले होते. १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी गावकीच्या मिंधेपणातून बाहेर पडण्याची हाक दिली. त्यानंतर अनेक ठिकाणी आपल्या वाडवडिलांनी ते वाजप मानासाठी सोडले. बेंजोवर असा कोणताच शिक्का नाही. तो कोणाच्या वतनातून आलेला नाही, आपण तो आपल्या मर्जीने आणि वर्गणीने घेतला. स्वखुशीने घेतलेली वस्तू आपण किती जपतो, हे लोक पाहत असतात.

बेसूर होतो तो कुठे?

आता मुद्द्याकडे येतो. बेंजोच्या पेटीवर दोन तऱ्हेच्या तारा असतात. बटणांखालून जातात त्या गाण्याच्या तारा. त्या बहुधा दोन किंवा जास्त असतात आणि सगळ्या एकाच स्वरात लावायच्या असतात. बाकीच्या साथीच्या तारा. त्यांना बटण लागत नाही. त्या 'सा' आणि 'प' धरून गुणगुणत राहतात. तारांची संख्या कारागिराप्रमाणे बदलते.

बेसूरपणाची पहिली जागा म्हणजे गाण्याच्या जोडतारा. दोन तारांत केसाएवढा फरक पडला तरी प्रत्येक स्वर फाटका येतो. साध्या पेटीवर तो खपून जातो, पण पिकअप लावून ॲम्प्लिफायरमधून सोडला की फाटकेपणाही तितकाच मोठा होतो. दुसरी जागा साथीच्या तारा. गायक बदलला की पट्टी बदलते. बुवा काळी एकमध्ये गातात, नंतर आपली एखादी भगिनी काळी चारमध्ये उभी राहते. बटणे सगळ्या स्वरांची असल्याने वाजवणारा गाणे नव्या पट्टीत नेतो. पण साथीच्या तारा जुन्याच 'सा' वर गुणगुणत असतात. लोकांना वाटते बाई बेसूर गायली. प्रत्यक्षात तिच्या मागे चुकीचा 'सा' चाललेला असतो. तिसरी जागा घोडी, जिच्यावर तारा टेकलेल्या असतात. ती सरकली की खालचे स्वर बरोबर आणि वरचे चुकीचे येतात. चौथी जागा गंजलेली, जुनी तार. ती सगळीकडे सारखी जाड राहत नाही, म्हणून कितीही लावली तरी खरी लागत नाही.

लावायचा कसा?

जाणकारांकडून ऐकलेले आणि पथकांत बसून पाहिलेले क्रमाने मांडतो. तरुणांनी कापून वहीत चिकटवावे.

एक. वाद्य आधी जागेवर न्या आणि पाव तास तसेच राहू द्या. घरातल्या गारव्यातून मांडवातल्या दिव्यांखाली आले की पोलादी तार तापून सैल होते आणि स्वर उतरतो. घरी लावून आणलेला बेंजो तिथे पुन्हा पाहावाच लागतो.

दोन. 'सा' कोणाचा घ्यायचा ते एकदाच ठरवा. पथकात कीबोर्ड असेल तर त्याचा घ्या, कारण त्याला फिरवायच्या खुंट्या नसतात. नसेल तर पेटीचा. जुनी पेटी आणि कीबोर्ड यांचे जुळत नसेल तर त्या दिवशी दोघांपैकी एकालाच ठेवा. मोबाईलवरचे सूर दाखवणारे ॲप उपयोगी आहे, पण ते पेटीचा सूर ओळखत नाही. पेटी वर-खाली असेल तर ॲपने लावलेला बेंजो पेटीशी भांडेल. ढोलकीसुद्धा याच 'सा' वर चढवायची.

तीन. आधी गाण्याची एकच तार घ्या. बाकीच्या तारांवर फडके ठेवा. स्वर नेहमी खालून वर आणा. तार जास्त चढली तर थोडी उतरवून पुन्हा वर या. वरून खाली आणलेल्या तारेचा खुंटीवरच्या वेढ्यात ढिलेपणा राहतो आणि दोन गाण्यांत ती घसरते.

चार. आता जोडतार. दोन्ही तारा एकदम छेडा आणि कान द्या. फरक असेल तर आवाजात लाटा ऐकू येतात, वांव-वांव-वांव अशा. सेकंदाला दोन लाटा म्हणजे दोन तारांच्या कंपनांत सेकंदाला दोनचा फरक. खुंटी अगदी हळू फिरवा. बरोबर दिशेने गेलात तर लाटा लांबतात, मंद होतात, मग थांबतात. थांबल्या की तारा जुळल्या. लाटा वाढू लागल्या तर उलटी दिशा. ही युक्ती कळलेल्या मुलाला संगीताच्या वर्गाची फी भरलेली नसली तरी चालते. त्याला एक शांत खोली मात्र लागते.

पाच. सप्तक तपासा. मोकळी तार छेडा. मग वरची-खालची बटणे क्रमाने मोजून बारावे दाबा. तिथे तारेची लांबी बरोबर निम्मी व्हायला हवी आणि वरचा 'सा' यायला हवा. तो चढा येत असेल तर घोडी बटणांपासून दूर सरकवा, उतरलेला येत असेल तर बटणांकडे आणा. सरकवायची ती तिळाएवढीच. घोडी सरकवली की तार पुन्हा लावा आणि पुन्हा तपासा. घोडी पक्की बसवलेली असेल तर ते काम कारागिराचे. एकच बटण चुकीचे बोलत असेल तर घोडीला हात लावू नका. त्या बटणाची पट्टी वाकली असेल किंवा त्याखालचा पडदा झिजला असेल.

सहा. शेवटी साथीच्या तारा 'सा' आणि 'प' ला लावा. कार्यक्रमात गायक पट्टी बदलणार असतील तर दोन मार्ग आहेत. मधल्या भाषणाच्या वेळात त्या पुन्हा लावायच्या, नाहीतर जाड कापडाची पट्टी घालून त्या गप्प करायच्या. चुकीची साथ करण्यापेक्षा साथ नसलेली बरी. गाणाऱ्यांची यादी आणि प्रत्येकाची पट्टी आधी कागदावर लिहून घेतली, तर एका पट्टीचे गायक ओळीने बसवता येतात आणि निम्मा त्रास वाचतो.

या सगळ्याला सराव झाल्यावर पंधरा मिनिटे लागतात. पाच तासांच्या कार्यक्रमात पंधरा मिनिटे म्हणजे शेकडा पाच. वाणिज्य शाखेचा माणूस म्हणून सांगतो, एवढ्या खर्चात एवढा फायदा दुसऱ्या कोणत्याही धंद्यात मिळत नाही. पण ही पंधरा मिनिटे मिळतात कुठे? वाजवणारा तार लावायला बसला की स्टेजवरून "माईक टेस्टिंग, हॅलो" सुरू होते. पोरे फटाके लावतात. कार्यकर्ते म्हणतात, "चला, पाहुणे आले, उगाच टुंगटुंग काय चाललंय?" आयोजकांनी एवढे तरी करावे की पाहुणे यायच्या आधी पंधरा मिनिटे स्पीकर बंद ठेवावा.

कोकणची हवा

आपल्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि वारा समुद्रावरून येतो. ओल आणि मीठ, पोलादी तारेचे दोन्ही वैरी. लाकूड पावसात फुगते, ऑक्टोबरच्या उन्हात आकसते आणि घोडी-खुंट्या हलतात. म्हणून वाजवून झाल्यावर प्रत्येक तार वरून-खालून कोरड्या सुती फडक्याने पुसावी, कारण हाताच्या घामातही मीठ असते. पावसाळ्यापूर्वी शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब फडक्यावर घेऊन तारांवरून फिरवावा आणि लगेच दुसऱ्या फडक्याने पुसून घ्यावे. बटणांखालच्या नमद्याला तेल लागू देऊ नये. नव्या बुटांच्या खोक्यात ओल शोषणारी पांढरी पुडी मिळते. ती फेकू नका, बेंजोच्या पेटीत टाका. मात्र लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. पेटी ओलाव्याच्या भिंतीला टेकवू नका आणि टेम्पोत उन्हात ठेवू नका.

तार तुटायची वाट पाहू नये. जोडतारांपैकी एक तुटली तर दोन्ही बदलाव्यात, कारण नवी आणि जुनी तार एकत्र नीट जुळत नाहीत. त्याच जाडीची तार आणावी. नंबर पेटीच्या झाकणाच्या आत लिहून ठेवावा. नवी तार पहिले दोन-तीन दिवस ताणत राहते, म्हणून मिरवणुकीच्या सकाळी नवी तार चढवणे म्हणजे भर रस्त्यात फजिती. आठवडाभर आधी चढवा आणि रोज एकदा लावा.

आणखी एक. चढा गायक आला म्हणून तार वाटेल तेवढी ओढू नये. एकच तार एक सप्तक वर न्यायची तर ताण चौपट होतो. तेवढा ना तार सोसते, ना लाकूड. पट्टी बटणांनी बदलावी.

सोण भिक्खूची वीणा

तार किती ताणावी हा प्रश्न आपल्या धम्मसाहित्यातही आला आहे. अंगुत्तर निकायात सोण नावाच्या भिक्खूची हकीकत आहे. श्रीमंत घरचा हा मुलगा संघात आला आणि त्याने स्वतःला इतके कष्टवले की चंक्रमण करताना पायांतून रक्त आले. फळ दिसेना. तेव्हा घरी परत जावे असे त्याच्या मनात आले. भगवंतांनी त्याला उपदेशाचे मोठे भाषण दिले नाही. त्यांना ठाऊक होते की सोण पूर्वी वीणा वाजवीत असे. त्यांनी त्यालाच विचारले की तारा फार ताणल्या तर वीणा बोलते का, आणि फार ढिल्या ठेवल्या तर बोलते का? दोन्ही वेळा सोण नाही म्हणाला. मग प्रयत्नाचेही तसेच, हे त्याला त्याच्याच हातच्या कामातून समजले.

मध्यम मार्गाचा हा दाखला आपण प्रवचनांत ऐकतो. पण तो दाखला पटण्यासाठी ऐकणाऱ्याला तार लावता येत असावी लागते, इकडे आपले लक्ष जात नाही. आणि विचारण्याची ती रीतही पाहा. आपल्या पथकांतले वडीलधारे वादक पोराच्या हातातून वाद्य ओढून घेतात, खुंटी पिळून स्वतः लावून देतात आणि "आता वाजव" म्हणतात. पोरगा दहा वर्षे वाजवतो, पण लावायला शिकत नाही. त्याऐवजी त्याला विचारा, "लाटा ऐकू येतात का? वाढल्या की कमी झाल्या?" उत्तर त्याच्या कानाने द्यावे.

हिशेबात एक ओळ

आता मंडळांना विनंती. जयंतीचे हिशेब मी पुष्कळ पाहिले आहेत. मंडप, लाइट, स्पीकर, हार, जेवण, सगळे असते. ज्या वर्षी बेंजो घेतला त्या वर्षी 'वाद्यखरेदी' अशी ठळक ओळ असते. त्यानंतर मात्र त्या वाद्यासाठी पैसाही दिसत नाही. हिशेबशास्त्रात घसारा म्हणून एक बाब असते. वस्तू वापरली तरी झिजते, नुसती ठेवली तरी झिजते. लोकांच्या घामाच्या वर्गणीतून आलेली वस्तू कपाटात गंजणे हे मंडळाचे नुकसान आहे, जरी ते कोणत्याही पावतीवर दिसत नसले तरी. तेव्हा दरवर्षीच्या अंदाजपत्रकात 'तारा व देखभाल' अशी एक ओळ घाला. रक्कम लहानच असते. किल्ली आणि जबाबदारी एका माणसाच्या नावावर ठरावात लिहा. पावसाळ्यात पंधरवड्यातून एकदा पेटी उघडून तारा पुसणे आणि लावणे हे त्याचे काम.

हे आज का सांगतो? कारण डीजेने या मुलांच्या सुपाऱ्या खाल्ल्या आहेत. आवाजाच्या शर्यतीत बेंजो डीजेला कधी गाठणार नाही, आणि गाठूही नये. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी आहे. आजारी माणसे, तान्ही बाळे आणि परीक्षेची मुले आपल्याच घरांत असतात. बेंजो पार्टी टिकेल ती सुरावर. ओळखीचे भीमगीत पहिल्या ओळीलाच ओळखू आले, तर लोक थांबून ऐकतात आणि पुढच्या लग्नाची सुपारी तिथेच ठरते. एखाद्या घरात या सुपाऱ्यांवर वह्यापुस्तके येतात, हे विसरू नका.

शेवटची विनंती माता-भगिनींना आणि त्यांच्या मुलींसाठी. जपानमध्ये ताइशोगोतो आज मोठ्या संख्येने बायका गटागटाने शिकतात आणि वाजवतात. आपल्याकडे मुली गाण्यात पुढे असतात, पण वाद्याची पेटी उघडायला मुलगेच. विहारात रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास बेंजो मधोमध ठेवा आणि मुलामुलींना आळीपाळीने दोन तारा जुळवायला सांगा. वाजवणे पुढे येईल. आधी कान तयार होऊ देत. ज्या मुलीला लाटा थांबलेल्या पहिल्यांदा ऐकू येतील, तिच्या हातात यंदाच्या पावसाळ्यासाठी कपाटाची किल्ली द्या.

जयभीम!